विरलेल्या निळ्यावर पांढरा टाका

जीन्सच्या गुडघ्याला पहिलं भोक पडतं तेव्हा तिथे लगेच आरपार दिसत नाही. निळा रंग नाहीसा होतो आणि त्या जागी पांढऱ्या आडव्या धाग्यांची एक जाळी उरते. डेनिमची वीणच तशी आहे. ताण्याचे उभे धागे निळीत रंगवलेले, बाण्याचे आडवे धागे पांढरे, आणि ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो. त्यामुळे कापडाच्या दर्शनी बाजूला बहुतेक निळाच धागा असतो आणि सगळी घासणीही त्यालाच सोसावी लागते. तो तुटला की मागचा बाणा उघडा पडतो. ही पांढरी जाळी शाबूत असताना सुई हातात घेतली तर काम सोपं असतं. बहुतेक जण ती तुटेपर्यंत थांबतात.

अशा विरलेल्या डेनिमवर जाड पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालायचा, आतून ठिगळ लावायचं आणि टाके मुळीच लपवायचे नाहीत, ही पद्धत गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेत चांगलीच रुजली. आता ती आपल्या शहरांतही दिसू लागली आहे. तिला दिसती दुरुस्ती म्हणता येईल. टाक्याचं तंत्र जपानी, साशिको. त्यावर पुस्तकं निघाली, दोरा-सुई-नमुन्यांचे संच विक्रीला आले, आणि त्याबरोबर एक समज पसरला की साशिको म्हणजे निळ्यावरची पांढरी सुबक नक्षी आणि जपानी माणसाला फाटक्यातही सौंदर्य दिसतं. हा समज अर्धवट आहे, आणि त्यामुळे दुरुस्तीही कच्ची राहते. साशिकोचा टाका आला तो कापड धरून ठेवण्यासाठी. नक्षी त्या कामातून पुढे निघाली. हा क्रम सांभाळला तर गुडघा वर्षानुवर्षं टिकतो. उलटा केला तर चार धुण्यांत ठिगळाच्या कडेलाच नवं भोक पडतं.

हा टाका जिथे सर्वांत दाट झाला तो प्रदेश म्हणजे होन्शू बेटाचं उत्तर टोक, आजचा आओमोरी प्रांत. हिवाळा लांब, बर्फ भरपूर. कापूस तिथल्या थंडीत येत नाही. शेतकरी घरात कापड असायचं ते भांगेच्या झाडाच्या वाखाचं, घरीच सूत काढून विणलेलं. उन्हाळ्यात ते गार वाटतं, पण हिवाळ्यात त्याच्या विरळ विणीतून वारा आरपार जातो. त्यात १७२४ साली तिथल्या त्सुगारु संस्थानाने शेतकऱ्यांना काटकसरीचा हुकूम काढला आणि सुती कपडे वापरायला बंदी केली.  बायकांनी निळीत रंगवलेल्या वाखाच्या कापडात पांढरा दोरा बाण्याच्या दिशेने भरायला सुरुवात केली. ताण्याचे धागे मोजायचे, एक, तीन, पाच, सात, असे विषम संख्येने उचलायचे आणि ओळीमागून ओळ भरत जायचं. विणीतली भोकं बुजली, अंगरखा उबदार झाला आणि खांद्यावर ओझ्याचे पट्टे घासायचे तिथलं कापड दुपटीने टिकू लागलं. याला कोगिन म्हणतात. कोगिन सगळ्या अंगरख्यावर नसतं. खांदे, छाती आणि पाठीचा वरचा भाग, म्हणजे जिथे झीज आणि थंडी दोन्ही जास्त, तिथेच ते असतं. शेजारच्या नान्बू भागात धागे सम संख्येने मोजतात, त्यामुळे तिथले चौकटीचे आकार आडवे पसरतात. त्या प्रकाराला हिशिझाशी म्हणतात. कोगिनच्या छोट्या छोट्या नमुन्यांना तिथल्या बोलीत नावं आहेत: मामेको म्हणजे दाणा, नेकोमानागु म्हणजे मांजराचा डोळा. धागे मोजता मोजता हे आकार आपोआप तयार होतात आणि मोजणी चुकली तर लगेच दिसतात. पांढरा दोरा मळकट झाला की अख्खा अंगरखा पुन्हा निळीच्या पिंपात बुडवायचा आणि पुढची काही वर्षं घालायचा.

कोणी कुठला धागा अंगावर घालायचा हे सत्तेने ठरवायचं, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची आणि दागिने घालण्याची, अस्पृश्यतेची खूण मिरवणारी जुनी रीत टाकून द्यायला सांगितलं होतं. कपड्यावरून माणसाची पायरी ओळखली जाते हे ज्यांनी भोगलं आहे, त्यांना त्सुगारुच्या बायकांचं काम वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. म्हणूनच या टाक्यांकडे निव्वळ शांत, ध्यानमग्न कला म्हणून बघणं मला पटत नाही. बंदीच्या चौकटीत राहून थंडीवर काढलेला तो तोडगा होता.

कोगिन संपलं तेही त्याच न्यायाने. १८९१ साली रेल्वे आओमोरीला पोचली आणि १८९४ साली त्याच प्रांतातल्या हिरोसाकीला. सुती कापड आणि लोकर स्वस्तात मिळू लागली आणि बायकांनी मोजून टाके घालणं बघता बघता सोडून दिलं. गरज संपली, काम संपलं. पुढे लोककलांचे अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी १९३२ साली आपल्या ‘कोगेई’ मासिकात कोगिनची थोरवी सांगितली, आणि हिरोसाकीत जुने अंगरखे गोळा करून नमुने पुन्हा शिकायला सुरुवात झाली. आज पिशव्यांवर, टायवर, उशांच्या अभ्ऱ्यांवर जे कोगिन दिसतं ते या दुसऱ्या जन्मातलं.

डेनिमच्या दुरुस्तीशी जास्त जवळचं नातं आहे ते बोरोचं. बोरो म्हणजे ठिगळावर ठिगळ चढलेलं कापड. ओसाका-क्योतोकडे वापरून टाकलेली सुती कापडं, अगदी चिंध्यासुद्धा, कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं जपानच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला नेत. ज्या भागात कापूस पिकत नाही तिथे चिंधीलाही किंमत होती. अझुकी कडधान्याचे तीन दाणे बांधता येतील एवढं कापड फेकू नये, अशी म्हण तिथे होती. या तुकड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, विरलेल्या जागी नवा तुकडा टाकायचा, पुन्हा शिवायचं. डोंजा नावाचा पांघरूणवजा जाड अंगरखा आणि झोपायच्या जागी अंथरायचं बोदोको अशाच थरांनी पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेलं.

आज जगातल्या संग्रहालयांत बोरो भिंतीवर टांगलेलं दिसतं त्याचं मोठं श्रेय तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) यांना आहे. आओमोरीच्या खेड्यापाड्यांतून हिंडून त्यांनी हे कपडे जमवले. लोकांना ते दाखवायचीही लाज वाटायची. युद्धानंतर सुबत्ता येत होती आणि घरातल्या गरिबीची आठवण करून देणाऱ्या चिंध्या जाळून टाकायच्या रांगेत होत्या. तानाकांच्या प्रयत्नांतून जमलेल्या त्सुगारु-नान्बूच्या ७८६ साशिको कपड्यांना १९८३ साली जपान सरकारने महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. टोकियोत आसाकुसाला २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं अम्यूझ म्युझियममध्ये त्यांच्या संग्रहातलं बोरो लोकांनी जवळून पाहिलं. बोरोबद्दल बोलताना ही लाजेची बाजू गाळून टाकली जाते, याचं मला वाईट वाटतं. ज्या बाईने थंडीत मुलाला गुंडाळायला ते थर शिवले, तिला संधी मिळाली असती तर तिने नवी रजई घेतली असती. तिच्या हाताचं कौशल्य मान्य करायला तिच्या गरिबीला गोंडस नाव द्यायची गरज नाही.

साशिको एवढ्यापुरतंच नव्हतं हेही खरं. एदो शहरातल्या (म्हणजे जुन्या टोकियोतल्या) आग विझवणाऱ्यांचे अंगरखे सुती कापडाचे कित्येक थर साशिकोने एकत्र शिवून केलेले असत. आगीत शिरण्यापूर्वी ते पाण्याने चिंब भिजवायचे, म्हणजे थरांमध्ये पाणी धरून राहायचं. ज्युदोच्या जाड कोटाची खडबडीत वीणही साशिकोच्याच वळणाची. दोन्हीकडे टाक्याचं काम एकच: ओढ आणि झीज एका धाग्यावर पडू न देता शेकडो धाग्यांत वाटून देणं.

हेच सूत्र घेऊन जीन्सच्या गुडघ्याकडे यावं. आधी पँट धुऊन, वाळवून उजेडासमोर धरायची. भोक किती आहे हे महत्त्वाचं नाही, भोकाभोवतीचं कापड किती दूरपर्यंत विरलं आहे ते बघायचं. उजेड जिथून झिरपतो तिथपर्यंत कापड कमजोर आहे. ठिगळ त्याच्याही पुढे, सगळ्या बाजूंनी किमान दोन-तीन बोटं मजबूत कापडावर गेलं पाहिजे. नवशिक्यांची बहुतेक दुरुस्ती इथेच बिघडते. भोकापुरतं ठिगळ लावलं की सगळी ओढ विरलेल्या कडेवर येते. ठिगळाचं कापड मूळ कापडापेक्षा जड नसावं. जुन्या जीन्सच्या मांडीचं किंवा पोटरीचं मऊ कापड उत्तम, पातळ सुती कापडही चालतं. कोरं असेल तर आधी धुऊन आटवून घ्यायचं. ठिगळाचे उभे-आडवे धागे पँटच्या उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर ठेवायचे, नाहीतर चालताना कापड तिरकं ओढलं जातं. भोकातून डोकावणारे पांढरे बाणे कापायचे नाहीत. ते सपाट करून ठिगळावर टाचून घेतले की टाक्यांना आधार मिळतो.

ठिगळ आतून लावून कच्चे टाके घालायचे. मग पेच येतो पँटच्या नळीचा: हात आत जात नाही आणि सुई मागचं कापडही उचलते. नळीत पातळ पुठ्ठा किंवा वही सरकवली तर भागतं. मोठं काम असेल तर बाजूची साधी शिवण थोडी उसवायची आणि नंतर पुन्हा शिवायची. आतल्या बाजूची शिवण बहुधा दुमडून दोनदा टीप मारलेली असते, तिला हात न लावलेला बरा.

दोरा सुती, कमी पिळाचा, सगळ्या पदरांनी एकसंध वापरायचा. सुई लांब आणि कणखर हवी. जपानी शिवणात अंगुस्तान बोटाच्या टोकाला नसतं. मधल्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला चकतीसारखं बसतं आणि सुईचं मागचं टोक त्यावर टेकतं. सुई बहुतांशी जागेवर राहते आणि दोन्ही हातांनी कापडच वरखाली हलवत तिच्यावर चढवत जायचं. एका दमात बरेच टाके सुईवर गोळा होतात, मग दोरा ओढायचा. या हाताच्या लयीला उन्शिन म्हणतात. हिदा-ताकायामाच्या साशिको घराण्यात वाढलेले आणि आता अमेरिकेत शिकवणारे अत्सुशी फुतात्सुया हे सतत सांगतात की साशिकोचं मर्म या लयीत आहे, नमुन्यांच्या पुस्तकात नाही. जाड डेनिमचे दोन थर असताना एवढे टाके एकदम गोळा होत नाहीत, तीन-चार झाले की ओढावं लागतं. पण तत्त्व तेच.

दोरा ओढल्यावर लगेच पुढे जायचं नाही. कापड उलट दिशेला हलकेच ताणून बोटाने टाके सारखे करायचे, म्हणजे कुठे चुण्या पडलेल्या असतील तर निघतात. ओळ संपवून वळताना मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा सैल फास ठेवायचा. धुतल्यावर दोरा आटतो, कापडही थोडं हलतं. सैलपणा नसेल तर टाका विरलेल्या कापडाला कापत जातो. गाठ मारायची नाही, ती पायाला टोचते आणि घासून सुटते. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके आल्या वाटेने मागे न्यायचे. टाका वरून तांदळाच्या दाण्याएवढा, खाली त्याहून किंचित लहान. एका ओळीतला टाका शेजारच्या ओळीतल्या रिकाम्या जागेसमोर यावा, म्हणजे सुईची भोकं एका रेषेत पडत नाहीत आणि कापड त्या रेषेवर फाटत नाही. सगळ्या ओळी एकाच ठिकाणी संपवायच्या नाहीत. काही थोड्या आधी, काही थोड्या पुढे मजबूत कापडात नेऊन सोडायच्या. हे शेवटचं फार कमी ठिकाणी शिकवलं जातं, आणि दुरुस्ती टिकते ती बरीचशी त्यामुळेच.

नमुन्याचा विचार इथे येतो. आसानोहा म्हणजे भांगेच्या पानाची तारकांची जाळी, सेइगाइहा म्हणजे लाटा, शिप्पो म्हणजे एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, हे सगळे छान दिसतात. पण त्यांच्यात टाक्यांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा राहतात. ज्या गुडघ्याचं कापड खरंच विरलं आहे तिथे साध्या समांतर ओळी किंवा अधिकचिन्हांची दाट रांग जास्त काम करते. मोकळी नक्षी शाबूत कापडावर, खिशावर, पाठीवर घालावी. आणि जांघेतल्या झिजेला, जिथे जीन्स सर्वांत आधी जाते, तिथे नक्षीचा विचारच करू नये. तिथे पातळ ठिगळ आणि दाट बारीक टाके हवेत.

डेनिम आणि साशिको जपानमध्ये एकत्र आले ते तसे अलीकडे. रिव्हेट लावलेल्या कामाच्या पँटचं पेटंट जेकब डेव्हिस आणि लिवाय स्ट्रॉस यांना अमेरिकेत २० मे १८७३ ला मिळालं. जपानमध्ये जीन्स शिवायला सुरुवात झाली ती १९६० च्या दशकात, ओकायामाजवळच्या कोजिमात, जिथे तोवर शाळेचे गणवेश शिवले जात होते. कापड आधी अमेरिकेतून यायचं. कुराबो गिरणीने १९७३ साली जपानी डेनिम काढलं. फुकुयामाची कायहारा १८९३ पासून निळीचं कासुरी (धागे आधी बांधून रंगवलेलं) कापड करत होती, तिने १९७० साली धाग्यांचे दोर करून निळीत बुडवायची यंत्रणा उभी केली. दोर वारंवार निळीत बुडवून हवेत काढला की रंग बाहेरून चढतो, गाभा पांढरा राहतो. जीन्स घासली की फिकट पडते ती या पांढऱ्या गाभ्यामुळे. फिकट होत जाणारं निळं आणि त्यावर पांढरा टाका यांची जोडी डोळ्याला इतकी सहज वाटते, त्यामागे हे रंगकाम आहे.

दिसत्या दुरुस्तीची चळवळ मात्र मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेत वाढली. ब्रिटनमध्ये १९४३ साली सरकारनेच ‘मेक डू अँड मेंड’ पुस्तिका काढून लोकांना जुने कपडे चालवायला सांगितलं होतं, पण ती युद्धकाळची सक्ती होती आणि त्या काळात रफू लपलेला असणं हीच शाबासकी होती. ब्रायटनच्या टॉम व्हॅन डाइनेन यांनी विणकामाच्या रफूला उघडपणे मिरवायला सुरुवात केली. अमेरिकेत कॅट्रिना रोडाबॉ यांच्या ‘मेंडिंग मॅटर्स’ (२०१८) सारख्या पुस्तकांनी साशिकोची जीन्सशी घट्ट गाठ बांधली. लपवण्याची परंपराही तेवढीच मोठी आहे, हे विसरू नये. जपानमध्ये काकेत्सुगी करणारे कारागीर कोटाचं भोक असं विणून काढतात की जागा सापडत नाही. आपल्याकडे बिजनौर जिल्ह्यातल्या नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालींवर हेच करत आले आहेत. कलावंत प्रिया रवीश मेहरा (निधन २०१८) यांनी आयुष्यातली बरीच वर्षं त्यांच्या कामाची नोंद करण्यात घालवली. शालीला लपता रफू शोभतो आणि कामाच्या पँटला दिसता टाका, आणि दोन्हींना हात सारखाच तयार लागतो.

या विषयातला सर्वांत कडवट भाग म्हणजे कारखान्यात मुद्दाम झिजवलेली जीन्स. नवं कापड जुनं दिसावं म्हणून त्यावर वाळूचा मारा करायचे. तुर्कस्तानात त्या धुळीने तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला, अनेक जण दगावले, आणि २००९ साली तिथे या पद्धतीवर बंदी आली. उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत पाण्याने वालधुनी नदीचं काय झालं ते ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाने डोळ्यांनी पाहिलं आहे. लिवाइजने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका जीन्सच्या पूर्ण आयुष्याला ३,७८१ लिटर पाणी लागतं असा हिशोब मांडला. त्यातला ६८ टक्के वाटा एकट्या कापसाच्या शेतीचा. म्हणजे पँट जितकी वर्षं जास्त चालेल तितकं ते एकदा वापरलेलं पाणी पुरवून वापरलं जाईल. आता यंत्राने साशिकोसारखे टाके मारलेली, ठिगळं लावलेली कोरी जीन्सही मिळते. त्या टाक्यांखाली कुठलंही कापड विरलेलं नसतं. मला ती घ्यावीशी वाटत नाही आणि कोणाला घ्या म्हणवत नाही.

महाराष्ट्रात साशिकोचा संच मागवणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्या बाईला यातलं नवीन काहीच नाही. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, कडेकडून आत येणारा धावदोरा, विरलेल्या जागी दाट टाके, ओढ सगळीकडे सारखी वाटलेली. ही आओमोरीची उसनवारी नाही आणि आओमोरीने आपल्याकडून काही घेतलेलं नाही. थर धरून ठेवायला धावदोऱ्याहून सोपा टाका नाही, म्हणून तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे सापडला. घरात गोधडी शिवणारी आजी किंवा मावशी असेल तर जीन्सचा गुडघा आधी तिच्यासमोर ठेवावा. दोऱ्याचा ताण किती ठेवायचा हे ती एका मिनिटात दाखवेल, आणि ते पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

प्रश्न मजुरीचाही आहे. एका गुडघ्याला एक संध्याकाळ सहज जाते, आणि रस्त्यावर नवी जीन्स काहीशे रुपयांत मिळते. म्हणून हे काम पैसे देऊन करून घेणारे थोडे. जपानच्या इवाते प्रांतातल्या ओत्सुची गावात २०११ च्या त्सुनामीनंतर घरंदारं गमावलेल्या बायकांनी साशिको करून विकायला सुरुवात केली आणि ते काम पुढेही चालू राहिलं, पण त्यात वाटा नव्या वस्तूंचा मोठा. दुरुस्तीला पैसे मिळावेत म्हणून फ्रान्सने नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या ग्राहकाला ६ ते २५ युरोची सूट सुरू केली. आपल्याकडे कोपऱ्यावरचा अल्टरवाला दुरुस्ती करतोच, पण तो मशीनवर करतो आणि त्याला त्याचे वाजवी पैसेही द्यायला लोक का-कू करतात. हाताच्या टाक्याची किंमत ठरवायची वेळ आपल्यावर अजून यायची आहे.

शेवटी कापडाची गोष्ट. आजच्या बहुतेक जीन्समध्ये एक-दोन टक्के इलास्टेन असतं, म्हणून त्या ताणल्या जातात. साशिकोचा धावदोरा ताणला जात नाही. अशा पँटवर दाट टाके घातले तर गुडघा वाकवताना दोरा तरी तुटतो, नाहीतर ठिगळाच्या कडेला कापड फाटतं. सुई घेण्यापूर्वी आतली चिठ्ठी वाचावी. शंभर टक्के सुती असेल तर मोकळ्या मनाने पांढरा दोरा काढावा. नसेल तर आतून ताणलं जाणारं अस्तर लावून मशीनची नागमोडी शिलाई मारणं बरं. आणि पुढची जीन्स घेताना रंगाआधी ती चिठ्ठी बघावी.